देवास हललं की बळवंतराव?

एप्रिलातल्या एका गुरुवारी, दुपारी सव्वाचारच्या सुमाराला, देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका गल्लीत दोनपैकी एक गोष्ट घडली. एक तर पृथ्वी हलली, नाहीतर बळवंतराव इंगळे हलले.

दिसायला जे दिसलं ते एवढंच. बळवंतराव अंगणात वाकून स्कूटर स्टँडवरून उतरवत होते. कुणाची तरी मावशी स्टेशनवर येऊन थांबली होती आणि तिला आणायचं होतं. तेवढ्यात पायाखालची फरशी डावीकडे सरकली, समोरची भिंत उजवीकडे निघाली, आणि बळवंतराव व स्कूटर, एकमेकांना न सोडता, खाटेवर वाळत घातलेल्या बटाट्याच्या पापडांत जाऊन बसले.

आवाज ऐकून अलकाताई बाहेर आल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला बऱ्याच ठिकाणी बसलेलं पाहिलं होतं, पण पापडांत पहिल्यांदाच.

"अहो! चक्कर आली?"

"चक्कर नाही. भूकंप."

"कुठे?"

"खाली."

"भूकंप झाला आणि मला कळला नाही? मी काय विमानात होते?"

लागलं कुणालाच नव्हतं, पापड सोडून. अलकाताईंनी आधी फोन आणला, खाट, स्कूटर आणि नवरा तिन्ही मावतील असा फोटो काढला, 'इंगळे परिवार धार-देवास' या ग्रुपवर टाकला, आणि मग त्यांना उठायला हात दिला. सून शिवानी आतून धावत आली. ती हाटपिपल्याची, शाळा सगळी हिंदीतली, त्यामुळे तिचं मराठी घाईत असलं की हिंदीचा हात धरून चालायचं. "बाबा, मी खिडकीतून बघूनच राहिली होती. तुम्ही एकदम गोल फिरून गेले. कन्फर्म चक्कर आहे."

"तू मला फिरताना पाहिलंस. जमिनीकडे पाहिलंस का?"

शिवानीने जमिनीकडे पाहिलं नव्हतं. पण तेवढ्यावर सुटका होण्यासारखी नव्हती. थंडीत बळवंतरावांनी न्हाणीतून येताना दोनदा भिंत धरली होती आणि दोन्ही वेळा "पाय घसरला" म्हणून सांगितलं होतं. अलकाताईंनी ते तेव्हा ऐकून घेतलं आणि मनात ठेवलं. आता ते बाहेर काढून त्यांनी स्कूटरची किल्ली साबुदाण्याच्या डब्यात टाकली आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. "डॉक्टरला दाखवा. तोवर गाडी बंद."

"आणि भूकंप होता असं निघालं तर?"

"तर किल्ली तुमची. पण निघू तर द्या."

ही किल्ली म्हणजे काय होती हे देवासात राहणाऱ्यालाच कळेल. रिटायर झाल्यापासून गावातल्या निम्म्या मराठी घरांचं येणंजाणं बळवंतरावांच्या मागच्या सीटवरून चालत होतं. कुणाचे पाहुणे स्टेशनवर उतरले, कुणाला टेकडीखाली सोडायचं आहे, कुणाला सत्यनारायणाला भटजी आणून हवेत, की फोन यायचा, "बळवंतराव, येता का?" आणि बळवंतराव समोरच्याचं वाक्य संपायच्या आत "येतो" म्हणायचे. तो "येतो" गेला, तर मागे अडुसष्ट वर्षांचा एक माणूस उरत होता, ज्याला दुपारी कुणी फोन करणार नव्हतं. तेव्हा बळवंतरावांच्या दृष्टीने पृथ्वी हललेली असणं फार गरजेचं होतं.

आणि नेमकी इथेच अडचण होती. चौतीस वर्षं त्यांनी इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात मशिनी बसवल्या होत्या. मशीन पायावर ठेवायचं, त्यावर लेव्हल ठेवायची, तिच्यातला बुडबुडा मधल्या दोन रेघांत येईपर्यंत खाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवायच्या, हे त्यांचं काम. बुडबुडा केसभर जरी ढळला तरी ते सही करत नसत. मशीन थरथरायला लागलं की ठेकेदार हटकून सांगायचा, "साहेब, इथली जमीनच हलते." त्यावर बळवंतरावांचं ठरलेलं उत्तर असे, "जमीन हलत नाही. तू हलतोस." हे वाक्य त्या कारखान्यात इतकं मुरलं होतं, की साहेब बदलले, मालक बदलले, पण वाक्य बदललं नाही.

असं ऐकून घेतलेल्या ठेकेदारांपैकी एक दत्ताजी तर भिंतीला भिंत लावून दक्षिणेला राहत होता. पंचवीस वर्षांपूर्वी त्याने घातलेला एका प्रेस मशीनचा पाया बळवंतरावांनी फोडून पुन्हा घालायला लावला होता. दत्ताजी पापडांची बातमी ऐकून दाढी अर्धी ठेवून आला.

"काय भिया, जमीन हलली म्हणे?"

"हलली."

"आपल्या देवासची?"

"हो."

दत्ताजीने साबणाच्या फेसातून आभाळाकडे पाहिलं. "असू दे. उशिरा का होईना, पण सत्य बाहेर आलं."

दुसऱ्या दिवशी बळवंतरावांनी पुरावा गोळा करायला घेतला. बैठकीच्या छताला पंख्यासाठी एक जादा हूक होता. त्याला त्यांनी आपला जुना पितळी ओळंबा दोरीने टांगला आणि त्याच्या टोकाखाली फरशीवर पेन्सिलीने फुली मारली. जमीन हलली की ओळंबा झुलणार, आणि त्या वेळी आपलं डोकं ठिकाणावर असलं तर सगळा निकालच लागणार. हिशेब बिनचूक होता. पण ओळंबा शिवानीने दार लावलं की झुले. पलीकडच्या गल्लीतून सोयाबीनचा ट्रक गेला की झुले. कुकरची शिट्टी झाली तरी झुलतो असं बळवंतरावांना वाटे आणि ते कुकरपाशी जाऊन उभे राहत. संध्याकाळी त्यांचा मुलगा सार्थक कामावरून आला, चपला काढायला वाकला आणि उठताना ओळंब्यावर कपाळ आपटून घेतलं. तो फार जोरात झुलला. बळवंतरावांनी त्याची मात्र नोंद केली नाही.

शनिवारी धारहून नीरजाचा फोन आला. नीरजा म्हणजे त्यांच्या चुलतभावाची मुलगी. धारच्या कॉलेजात भूगोल शिकवायची. ग्रुपवरचा फोटो आणि त्याखाली काकांनी लिहिलेलं 'हा अपघात नसून नैसर्गिक आपत्ती आहे' हे वाक्य तिने वाचलं होतं. "काका, तुम्ही आणि काकू दोन दिवस इकडे याच. तुम्हाला एक जागा दाखवते."

बळवंतरावांना हा वकील फार पसंत पडला. दोघं बसने धारला गेले आणि रविवारी सकाळी नीरजाने त्यांना गाडीत घालून बाग नावाच्या गावाच्या बाजूला नेलं. वाटेत त्यांनी मुद्द्यालाच हात घातला.

"नीरजा, एक सांग. आपल्याकडची जमीन हलते का?"

"हलते का म्हणजे? थांबते कधी, काका?"

बळवंतरावांनी मागच्या सीटवर बसलेल्या अलकाताईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्या संत्रं सोलत होत्या.

"पृथ्वीची वरची साल एकसंध नाही," नीरजा सांगू लागली. "तिचे मोठमोठे तुकडे आहेत, आणि प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेने सरकतो. आपला भारत एका तुकड्यावर बसलाय. तो वर्षाला पाचएक सेंटीमीटर उत्तरेकडे जातो. आधी तो पार खाली, आफ्रिकेला लागून होता. तिथून सुटला, समुद्र ओलांडून आला आणि आशियाला धडकला. मधल्या समुद्राचा तळ वर उचलला गेला. तोच हिमालय. अजून ढकलतोच आहे, म्हणून हिमालय अजून वाढतोय."

"आणि देवास?"

"देवासपण त्याच्याबरोबर."

"टेकडीसकट?"

"टेकडीसकट. ती टेकडी, तुमची काळी माती, घरांच्या जोत्यांचा काळा दगड, सगळा थिजलेला लाव्हा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून बाहेर आला. थरावर थर."

बळवंतरावांची बाजू भक्कम होत होती, पण जरा जास्तच भक्कम होत होती. त्यांना त्या गुरुवारपुरती जमीन हलायला हवी होती. इथे तर सोमवार ते रविवार चालू होतं.

"म्हणजे मी चौतीस वर्षं मशिनी लेव्हल करत होतो, तेव्हा..."

"तेव्हा कारखाना पावणेदोन मीटर सरकला."

"आणि बुडबुडा मधेच?"

"बुडबुडाही बरोबरच सरकला ना, काका."

त्यांनी खिशातली डायरी काढून गुणाकार केला. अडुसष्ट गुणिले पाच. तीनशे चाळीस सेंटीमीटर. म्हणजे अकरा फूट. बळवंतरावांचा जन्म त्याच घरातल्या मागच्या खोलीत झालेला. पण तेव्हा जिथे ती खोली होती, ती जागा आता अकरा फूट दक्षिणेला राहिली होती. त्यांनी मनातल्या मनात अंतर मोजलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं?" अलकाताईंनी विचारलं.

"माझा जन्म दत्ताजीच्या मोरीत झाला."

"काय बोलताय!"

"हिशेबाने तसंच येतंय."

बागच्या अलीकडे एका ओढ्याकाठी नीरजाने गाडी थांबवली. उतारावर फिकट पिवळसर दगडाचा थर उघडा पडला होता. ती म्हणाली, "उचलायचं काही नाही, नुसतं बघायचं." बळवंतराव खाली बसले आणि बघतच राहिले. दगडात शिंपले होते. एकावर एक दाबलेले, कडा तुटलेले, काही उघडे, काही मिटलेले, चुन्यात चिणावेत तसे. सगळ्यात जवळचा समुद्र गुजरातेत. अलकाताई लग्नानंतर एकदाच समुद्रावर गेल्या होत्या आणि तिथून रुमालात बांधून आणलेले शिंपले त्यांनी अजून शोकेसमध्ये ठेवले होते. त्या दगडावर हळूच बोट फिरवत म्हणाल्या, "अगं बाई, एवढ्या लांब उगीच गेलो."

"नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेचा समुद्र इथवर आत शिरला होता," नीरजा म्हणाली. "नर्मदेचं खोरं म्हणजे दोन भेगांच्या मधली खचलेली पट्टी आहे. त्या वाटेनेच तो आला आणि परत गेला. वरून लाव्हा आला आणि हे झाकून टाकलं. त्या भेगा अजून तशाच आहेत. हिमालयाकडे जो रेटा बसतो त्याचा ताण इथपर्यंत पोचतो, आणि एखादी जुनी भेग केसभर सरकते. तो आपल्याकडचा भूकंप."

बळवंतराव उठून उभे राहिले. ज्या जागी ते उभे होते तिथे पाणी होतं, मग आग होती, मग माळवा झाला. आणि हा सगळा कारभार आपल्या घराखालून चालू असताना आपण पत्र्याच्या पट्ट्या सरकवत बसलो होतो. त्यांना ओशाळल्यासारखं झालं, पण कुणापुढे ओशाळावं ते कळेना.

"नीरजा, तो समुद्र खारा होता का गं?"

"होता की."

"हं," ते म्हणाले. का विचारलं ते त्यांनाही कळलं नाही.

बागमध्ये चहाच्या टपरीवर नीरजाने फोनवर सरकारी भूकंपांची यादी काढली. वरून खाली बोट नेता नेता ती थांबली. "काका! गुरुवार. नर्मदेच्या खोऱ्यात. चार वाजून चौदा मिनिटं."

बळवंतरावांच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला. "अलका, तू फोटो किती वाजता टाकलास?"

अलकाताईंनी ग्रुप उघडला. स्कूटर, खाट, नवरा. खाली वेळ: चार सतरा.

आरोपीला पकडून देणारा फोटोच आता त्याच्या बाजूने साक्ष देत होता. बळवंतरावांनी टपरीवाल्याला आणखी एक प्लेट सांगितली, ज्याचं त्याला काहीच कारण कळलं नाही. त्या गडबडीत नीरजा म्हणाली, "पण काका, हा तीनच्याही आतला आहे. एवढा लहान धक्का इतक्या लांब देवासला सहसा कुणाला जाणवत नाही." अलकाताईंनी ते ऐकलं नाही, त्या फोटोत आपली खाट बघत होत्या. बळवंतरावांनी ऐकलं. आणि जिलेबी मागवली.

सोमवारी घरी पोचल्या पोचल्या अलकाताईंनी शब्द पाळला. डबा खाली काढला, किल्ली शोधून काढली, पदराने पुसली आणि पुढे केली. "घ्या. माझं चुकलं. पृथ्वीचंच काम होतं ते."

शिवानीने टाळ्या वाजवल्या. ग्रुपवर अंगठे आले. तासाभरात फोनही आला. कुणाची तरी सून दोन मुलांना घेऊन खातेगावच्या बसने येत होती. "बळवंतराव, येता का?"

"येतो!"

ते अंगणात आले तर दत्ताजी चहाचा ग्लास घेऊन भिंतीपलीकडे उभा. त्याला सगळं कळलं होतं. "अभिनंदन, भिया. म्हणजे कागदोपत्री सिद्ध झालं. जमीन हलते."

"हलते. वर्षाला पाच सेंटीमीटर."

"मग माझा पाया का फोडायला लावलात?"

"तुझा माल कच्चा होता."

"मी तेव्हा काय म्हणालो होतो? साहेब, जमीन हलते."

"अरे, जमीन हलतच असते! म्हणून ते काय कारण झालं? तेवढ्याने प्रेस थरथरतो का? तू..."

बळवंतराव मधेच थांबले. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं, आणि आज ते भलत्याच बाजूला जाऊन लागलं होतं. ते टाळावं म्हणून बळवंतराव स्कूटरकडे वळले, स्टँड काढायला खाली वाकले, आणि फरशी डावीकडे निघाली.

तशीच. अगदी गुरुवारसारखी. भिंत उजवीकडे, आभाळ मधून तिरपं. त्यांनी सीट घट्ट धरली आणि चौतीस वर्षांच्या सवयीने कुठे काही सपाट दिसतंय का ते शोधलं. दत्ताजीच्या हातातला ग्लास दिसला. काठोकाठ चहा होता. वरची साय एवढीशी हलत नव्हती. एकदम लेव्हल.

"काय हो, काय झालं?" दत्ताजीने विचारलं.

"काही नाही," बळवंतराव म्हणाले, आणि जग जागेवर येईपर्यंत थांबून राहिले. त्यांच्यापुढे जर कुणी हा कागद आणला असता, की अमुक कोस लांब तीनच्या आतला धक्का बसला, सबब माणूस पापडांत पडला, तर त्यांनी सही केली असती का? ठेकेदाराला त्यांनी उभं केलं नसतं.

ते आत गेले. अलकाताई परातीत साबुदाणा निवडत होत्या, कारण त्यात किल्लीबरोबर काय काय गेलं असेल याची त्यांना शंका होती.

"अगं, गुरुवारी भूकंप झाला होता."

"हो, मानलं ना मी."

"पण मला जे झालं, तो भूकंप नव्हता."

अलकाताईंनी वर पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे तो तिकडे झाला. आणि मी इकडे झालो." त्यांनी किल्ली परातीच्या कडेवर ठेवली. "आत्ता परत चक्कर आली. दत्ताजीचा चहा हलला नाही."

अलकाताईंना चहाचं काही कळलं नाही, पण बाकी सगळं कळलं. त्या रागावल्या नाहीत, तेच बळवंतरावांना जड गेलं. त्यांनी नुसतं त्यांच्या दंडाला धरून खुर्चीवर बसवलं आणि शिवानीला हाक मारली. खातेगावच्या बसने येणाऱ्या सुनेला आणि दोन मुलांना आणायला दत्ताजीला पाठवण्यात आलं. तो कुरकुरत गेला आणि फार खुशीत परत आला.

डॉक्टर कानाचा निघाला. बळवंतरावांना हे आवडलं नाही, त्यांची तक्रार डोक्याची होती. डॉक्टर तरुण होता आणि हिंदीत बोलत होता. त्याने त्यांना मान एका बाजूला वळवून झटकन मागे झोपवलं, डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, कान के अंदर चूने के बहुत बारीक पत्थर होते हैं. वो अपनी जगह से सरक गए हैं. बस."

बळवंतराव आडवे पडल्या पडल्या ताठ झाले. "मतलब, सरके तो हैं?"

"सरके हैं."

"सचमुच?"

"सचमुच. लेकिन अंदर."

"कितने सेंटीमीटर?"

डॉक्टरला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. "मिलीमीटर भी नहीं, अंकल."

एवढ्याशाने? त्यांनी शिवानीकडे पाहिलं, पण ती डॉक्टरच्या बाजूची होती. मग डॉक्टरने त्यांचं डोकं हातात धरून आधी इकडे, मग तिकडे, मग कुशीवर, असं अर्ध्या अर्ध्या मिनिटाने वळवलं. दर वळणाला खोली एकदा फिरायची आणि थांबायची. खडे परत जागेवर न्यायचे असतात म्हणे. बळवंतरावांना ते पटलं, पट्ट्या ते असेच सरकवायचे. "एक महीना गाड़ी नहीं," डॉक्टर म्हणाला. "फिर दिखाइए, तब देखेंगे."

बाहेर आल्यावर शिवानीने स्कूटर चालू केली. बळवंतराव मागच्या सीटवर पहिल्यांदाच बसले. पाय कुठे ठेवायचे ते त्यांना सापडेना. त्यांनी आजवर त्या सीटवर निम्मं देवास बसवलं होतं आणि कुणाला हे सांगितलं नव्हतं.

"धरून बसा, बाबा."

"बसलोय."

बाजाराच्या रस्त्याला गाडी लागली. माणसं, हातगाड्या, टेकडीवर जाणारी झेंडेवाली रिक्षा, सगळं दोन्ही बाजूंनी मागे जात होतं, आणि यातलं कोण हलतंय आणि कोण नाही याचा त्यांचा नेमका हिशेब लागत नव्हता. एवढ्यात खालून दणका बसला. बळवंतरावांनी सुनेचा खांदा गच्च धरला.

"शिवानी, हा काय होता?"

"स्पीड ब्रेकर."

"नक्की?"

"मी बघितला ना, बाबा. पिवळे पट्टे होते."

बळवंतरावांनी वळून मागे पाहिलं. पट्टे होते.

"बरं," ते म्हणाले. "पण पुढचा आला की आधी सांग."